सतरा नंबरची मुलं

येलहंकाच्या उत्तरेला, हवाई दलाच्या तळाची भिंत संपते तिथून आत वळलं की एक मोठं मैदान लागतं. मैदानाला रस्त्यावरचे दिवे आहेत आणि नाणं टाकल्यावर पिण्याचं पाणी देणारं एक केंद्र आहे. संध्याकाळी दिवे आपोआप लागतात. वीज जाऊन आली की पाण्याच्या यंत्रातून बाईचा आवाज येतो, कानडीत : स्वागत असो, कृपया नाणं टाका. मैदानाच्या मागे दोन अर्धवट इमारती उभ्या आहेत. मजले आहेत, जिने आहेत, खिडक्यांच्या जागी चौकोनी भोकं आहेत. इमारतींच्या पलीकडच्या अंगाला छप्पर घातलेला बसथांबा आहे. इथे कुणी राहत नाही.

या मैदानात महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी शिवलीला टेबल मांडून बसत असे. टेबलावर लशींचा निळा डबा, त्यात बर्फाच्या पिशव्या, शेजारी बाळाचं वजन करायचा काटा, समोर आयांसाठी दोन खुर्च्या. सकाळी बसायची, दुपारी उठायची. डबा जसा आणला तसाच परत न्यायची. असं तिनं जवळपास बारा वर्षं केलं.

का, असं विचारलं तर ती सरळ सांगते. "तिथं पाच हजार माणसं राहतात की. कागदावर."

शिवलीला खानापूरकडच्या गावची. बेळगावात नर्सिंगचा कोर्स केला आणि लग्न होऊन बेंगळुरूला आली. नवरा संग्राम विमानतळ रस्त्यावरच्या एका गॅरेजात. काम असलं तर असतं, नसलं तर नाही. येलहंकाच्या जुन्या गावात दोन खोल्या, एक मुलगा शाळेत. घर चालायचं ते तिच्या आरोग्य केंद्रातल्या नोकरीवर, आणि ती नोकरी कंत्राटी. दर मार्चला करार नवा व्हायचा. घरात मराठी, बाहेर कानडी. दोन्ही तिला सारख्याच येतात आणि दोन्हींत ती वाक्याच्या शेवटी "की" लावते.

ती नोकरीला लागली तेव्हा मैदानावर पत्र्याच्या शेडच्या रांगा होत्या. इमारती बांधायला यादगीर आणि रायचूरकडची माणसं आणलेली. त्याआधीच्या फेब्रुवारीत, म्हणजे २०११ साली, जनगणनेवाले येऊन त्यांना मोजून गेले होते. तीन हजारांच्या वर आकडा गेला. मोजणी चोख होती, शेड न् शेड फिरून केलेली. त्यात कुणाचीच चूक नव्हती.

दोन वर्षांनी बांधकामाचा खटला कोर्टात गेला आणि काम थांबलं. ठेकेदारांनी माणसं लॉऱ्यांत भरून दुसरीकडे नेली, पत्रेही काढून नेले. जमिनीवर चुलींचे काळे गोल तेवढे राहिले.

वस्ती उठली आणि मग ती वाढायला लागली.

दोन जनगणनांच्या मध्ये शहर कुणी मोजत नाही. जुना आकडा घ्यायचा, त्याला वाढीचा दर लावायचा, जन्म मिळवायचे, मृत्यू वजा करायचे आणि हा आकडा सगळ्या खात्यांना वाटायचा. दहा वर्षांनी खरी मोजणी होते आणि अंदाज ताळ्यावर येतो. यावेळी दहा वर्षांनी मोजणी झाली नाही. २०११ चा फेब्रुवारी पुढे चालतच राहिला. मैदानावरच्या माणसांना मुलं होत राहिली, काही माणसं म्हातारी होऊन मरत राहिली. लोकसंख्या वाढली म्हणून दिवे मंजूर झाले, मग पाणी, मग बसथांबा. आरोग्य केंद्राच्या हिशेबात या जागेचं नाव ब्लॉक सतरा. तिथे दरसाल ऐंशीच्या आसपास बाळं जन्माला येणार असं अंदाज सांगत होता, आणि जिथे बाळं आहेत तिथे लसीकरणाचं सत्र भरलंच पाहिजे असा नियम होता. म्हणून टेबल.

मैदानाला एक राखणदार आहे, दामोदर राव. त्याचे पूर्वज कधी बेंगळुरूला आले ते त्यालाही ठाऊक नाही. जन्म कॉटनपेटचा. घरात मराठी, पण ती ऐकून शिवलीलाला पहिल्यांदा हसू आलं होतं, आणि तिची ऐकून त्याला.

पहिल्या रिकाम्या गुरुवारी तिनं त्याला विचारलं, "दामोदरअण्णा, इथं आता कुणीच नाही काय वो?"

"आहेत की अक्का. सगळे आहेत," तो म्हणाला. "कामावर गेल्यात. बसा तुम्ही, स्वल्प वेळात येतील."

तिला ती थट्टा वाटली. पुढच्या महिन्यातही त्यानं तेच सांगितलं, त्याच सुरात. खूप नंतर तिला उलगडा झाला. शेड होत्या तेव्हा ठेकेदारानं त्याला ताकीद दिली होती की सरकारी माणूस कुणीही आला तर सगळे कामावर गेलेत एवढंच बोलायचं. ठेकेदार गेला, शेड गेल्या. बोलणं थांबव असं कुणी सांगितलं नाही. पगार मात्र कुठल्याशा कंपनीकडून दरमहा येतो.

"अहो पण मला तरी खरं सांगा."

"खरंच सांगतो. तुम्ही पण त्यांच्यासाठीच येता ना? मग?"

ती एकटीच त्यांच्यासाठी येत नव्हती. एका वर्षी सरकारी शाळेचे मास्तर आले. त्यांना या ब्लॉकमधली शाळेत न येणारी दोनशे मुलं हुडकून काढायची होती. दामोदरनं त्यांना बसवून घेतलं. मास्तर इमारतीच्या पायऱ्यांवर तासभर बसले, घाम पुसत, आणि परत गेले. मग एकदा चहाची पुडी विकणाऱ्या कंपनीचा पोरगा आला. इथे किती घरं आहेत आणि दुकान एकही कसं नाही, याचं त्याला नवल वाटत होतं. शिवलीला आपल्या टेबलाशी बसून हे पाहायची. निरनिराळ्या ठिकाणची माणसं एकाच पत्त्यावर त्याच लोकांना शोधत येत होती, आणि दामोदर सगळ्यांना एकच उत्तर देत होता.

केंद्रावर तिची थट्टा व्हायची. सुनंदाबाई नावाच्या ज्येष्ठ नर्स होत्या, निवृत्तीला आलेल्या. "शिवलीला, तुझी पोरं किती शहाणी गं. सुई टोचली तरी रडत नाहीत."

"तुमच्याकडं पाठवतो की दोन-चार."

"नको बाई. माझी जिवंत आहेत तीच पुरे."

हसण्यावारी जायचं. पण गुरुवारी मैदानात बसलं की हसू यायचं नाही. दोन्ही इमारती पोकळ. एक जवळ, एक जरा लांब. मोठ्यानं बोललं की शब्द दोनदा परत यायचा, एकदा लगेच आणि एकदा थांबून, जणू दुसऱ्यानं विचार करून उत्तर दिलं. कधी कधी वजनाच्या काट्याचं ताट हलायचं. वारा असायचा. एकदा ती मनात हिशेब करायला लागली, वस्ती उठल्यावर जे पहिलं बाळ कागदावर जन्मलं ते आता केवढं असेल. सातवीत. मुलगी असेल तर तिला आता लोहाच्या गोळ्या द्यायला हव्यात. हे आपण काय करतोय हे लक्षात आल्यावर तिनं टेबल उचललं आणि त्या दिवशी लवकर निघाली.

इतकी वर्षं सतराचा आकडा केंद्राच्या बेरजेत बुडून जायचा. दोन वर्षांपूर्वी नवं पोर्टल आलं. प्रत्येक ब्लॉक वेगळा दिसू लागला. लसीकरण पुरं झालेले हिरवे, अपुरे पिवळे, आणि सतरा लाल, शून्य टक्के. त्याबरोबर पत्र आलं की लाल ब्लॉक असलेल्या कंत्राटी सेविकांचे करार मार्चमध्ये नवे होणार नाहीत.

ती कृष्णमूर्तींकडे गेली. ते तालुक्याचे आकडेवारीचे अधिकारी, सडपातळ, डबा खाताना सुद्धा पडद्याकडे बघणारे. बोलणं कानडीतच झालं.

"सर, तिथे कुणी नाही. फोटो आणलेत."

"मला माहीत आहे, सिस्टर."

"माहीत आहे?"

"बेंगळुरूत असे किती ब्लॉक आहेत ते पण माहीत आहे. काही ठिकाणी माणसं नाहीत आणि आकडा आहे. काही ठिकाणी माणसं आहेत आणि आकडा नाही. सगळ्याची बेरीज केली की शहराचा एकूण अंदाज फारसा चुकत नाही. जास्त आणि कमी एकमेकांना खातात. वरच्यांना बेरीज लागते."

"आणि माझा ब्लॉक?"

"तो बेरजेला लागतो." त्यांनी डबा बंद केला. "मी शून्य केला तर तालुक्याचा आकडा घसरतो. तालुक्याचा आकडा वरून आलाय. तो मला बदलता येत नाही, जिल्ह्याला पण नाही. पुढची जनगणना २०२७ ला. तोवर ती माणसं तिथेच राहणार."

"आणि मी?"

ते निर्दय नव्हते. त्यांनी तिचे फोटो नीट लावून तिला परत दिले.

सुनंदाबाईंपाशी उत्तर होतं. "हे बघ, बाळं कागदावर आहेत, तर लसही कागदावर दे. जे जन्मलंच नाही त्याला ताप येणार नाही, गाठ येणार नाही. कुणाचं काय जातं?"

"खोटं लिहू?"

"आकडा त्यांनी लिहिला तो काय खरा आहे?"

दिवाळीनंतरच्या एका दुपारी केंद्रात कुणी नसताना शिवलीलानं पोर्टल उघडलं. बाळाचं नाव हवं होतं. ती गावच्या शाळेत चौथीत होती तेव्हाची हजेरी तिला पाठ होती. रोज सकाळी ऐकलेली. तोच क्रम तिनं लिहायला घेतला. त्रिविक्रम, पद्मावती, रत्नाकर... आईचं नाव आणि मोबाइल नंबर हवा होता, आणि बंद नंबर पोर्टल घेत नव्हतं. तिच्या फोनमध्ये शेडच्या काळातले नंबर अजून होते : शेड कस्तुराबाई, शेड कृष्णाबाई, अशा नावांनी साठवलेले. त्यांतले चाळीसेक अजून चालू निघाले; पोर्टल सहा महिन्यांचीच बाळं मोजत होतं, त्यांना तेवढे पुरे होते. तिनं त्या आयांना एकेक बाळ दिलं आणि प्रत्येक बाळाला दीड महिन्याचा पहिला डोस. सतरा नंबर पिवळा झाला. असंच पुढचे दोन डोस लिहिले की मार्चच्या आत हिरवा होणार होता.

पोर्टल आपणहून आयांना आठवणीचे संदेश पाठवतं. तिला हे ठाऊक होतं. खऱ्या आया तिला रोज ते दाखवत असत. पण खोट्या नोंदींनाही ते जातील हे तिच्या ध्यानात आलं नाही. तिच्या लेखी त्या नंबरांच्या पलीकडे कुणी नव्हतंच. बारा वर्षं रिकाम्या मैदानात बसलेल्या माणसानंच अशी चूक करावी.

पुढच्या महिन्याचा दुसरा गुरुवार आला. यावेळी पहिल्यांदाच तिच्याकडे नावं होती. सत्रात नावं पुकारायची तिची पद्धत होती. इतर ठिकाणी आया लांब झाडाखाली बसतात, हाक मारल्याशिवाय उठत नाहीत. दामोदर समोरच उभा होता. यादी असून हाक न मारणारी नर्स त्याला खोटी वाटली असती, असं ती म्हणते. खरं तर तिथे तिच्याकडे बघणारा तो एकटाच होता.

ती उठली आणि पुकारलं. "त्रिविक्रम!"

जवळच्या इमारतीनं नाव परत दिलं. मग लांबच्या.

"पद्मावती! आई कस्तुराबाई!"

एक प्रतिध्वनी आला. थोडं थांबून दुसरा. मग तिसरा आवाज आला, आणि तो तिचा नव्हता.

"बंद्वी अक्का, बंद्वी!"

आलो, आलो. दोन इमारतींच्या मधल्या सावलीतून बायका बाहेर येत होत्या. पाचजणी. कडेवर बाळं, एका हातात पुढे धरलेला फोन. शिवलीलानं टेबलाची कड धरली. दामोदर अजिबात दचकला नाही. त्यानं दोन्ही खुर्च्या पुसल्या आणि म्हणाला, "सांगत होतो ना, कामावर गेल्यात म्हणून."

पुढे होती ती कस्तुराबाई. केस पांढरे झाले होते. शेडमध्ये होती तेव्हा तिची थोरली लेक दारात भातुकली खेळायची. त्या लेकीची मुलगी आता तिच्या कडेवर होती, तीन महिन्यांची. त्या सगळ्या आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, आनेकलच्या बाजूला एका दगडखाणीमागे राहत होत्या. बायकांना बस फुकट, म्हणून दोन बस बदलून आल्या होत्या आणि मागच्या थांब्यावर उतरल्या होत्या. त्या थांब्यावर कुणी उतरताना दामोदरनं याआधी पाहिलं नव्हतं.

"मेसेज आला," कस्तुराबाईनं फोन पुढे केला. "पद्मावतीचा दुसरा डोस. हीच ती."

"हिचं नाव पद्मावती आहे?"

"रक्षिता आहे. पण सरकारनं पद्मावती लिहिलंय तर राहू दे. नावाचं काय!"

"पहिला डोस कुठं घेतला?"

"कुठला पहिला? आमच्याकडे नर्स येतच नाही. केंद्रावर गेलं तर म्हणतात, तुमची वस्ती आमच्या आकड्यात नाही, लस मोजून येते." ती खुर्चीत टेकली. "मेसेज आला तेव्हा कळलं, आपल्याला मोजलंय कुणीतरी. शेजारणीनं उशीर नको म्हणून तिथल्याच केंद्रावर मेसेज दाखवला. मग नाही कसं म्हणतील? पडदा बघितला, म्हणाले पहिला झालाय, आणि दुसरा दिला."

शिवलीलानं डबा उघडला आणि परत बंद केला. शेजारणीच्या ज्या बाळाला आधी काहीच मिळालं नव्हतं त्याच्या नावावर आता दोन डोस होते. अजून एक घेतला की पोर्टल त्याला पुरं म्हणणार, आणि तीनऐवजी दोन घेतलेलं ते मूल पुन्हा कुणी तपासणार नाही. हे आनेकलला घडलं होतं, तिच्या हाताबाहेर. चाळीसमधल्या आणखी किती नंबरांवर घडत असेल, कोण जाणे. समोरच्या बाळांचं तिला निभावता आलं असतं. एखादा डोस वाया गेला म्हणून लिहायचा आणि बाळाला द्यायचा. असं करणारे करतात. पण खाणीमागच्या त्या बाळासाठी पहिली नोंद खोटी आहे हे कुणीतरी उघड सांगायला हवं होतं. ते सांगू शकणारी ती एकटी होती, आणि सांगितलं की मार्चचा करार गेला.

पाचवी बाई बाजूला उभी होती. तिच्या कडेवर कुणी नव्हतं.

"तुमचं बाळ?" शिवलीलानं विचारलं.

"मी कृष्णाबाई. मला मूल झालं नाही," ती म्हणाली. तिनं फोन दाखवला. "यात लिहिलंय, तुमचा मुलगा रत्नाकर याचा डोस आहे, घेऊन या. मी दोन-तीनदा वाचून घेतलं. म्हटलं, जाऊन बघावं."

पाण्याच्या यंत्राला वीज आली असावी. स्वागत असो, बाई म्हणाली, कृपया नाणं टाका.

"चुकून आला तो," शिवलीला म्हणाली.

"सरी, बरं. पण नाव कुणी ठेवलं?"

"मी."

कृष्णाबाईनं मान हलवली, जणू एवढंच विचारायचं होतं. मग ती सत्र संपेपर्यंत तिथेच बसून राहिली, फोन मांडीवर उलटा ठेवून.

शिवलीलानं चारही बाळांना डोस दिला, पहिला म्हणून. खरं नाव, खरी आई, खाणीमागचा पत्ता लिहून नव्या नोंदी केल्या. कस्तुराबाईला तिनं सांगितलं, "पद्मावती म्हणून कुणी नाही बघ. ते मी नोकरीसाठी लिहिलेलं."

"म्हणजे आम्हाला मोजलेलं नाही?"

"नाही."

कस्तुराबाईनं बाळाच्या मांडीवरचा कापूस दाबून धरला. "मग आता हाकलू नका म्हणजे झालं. दुसऱ्या-तिसऱ्याला पण इथेच येतो."

त्याच दुपारी ती कृष्णमूर्तींपुढे उभी राहिली आणि सगळं सांगितलं. त्यांनी पडद्यावर सतरा नंबर उघडला.

"तुम्ही गप्प राहिला असतात तर कुणाला कळलं नसतं."

"शेजारणीच्या बाळाचा एक डोस कमी पडला असता, सर. ते कधीच कुणाला कळलं नसतं."

"लेखी द्यावं लागेल. मला वर कळवावं लागेल. पुढचं तुम्हाला माहीत आहे."

"देतो की."

नोंदी पुसायला बसल्यावर कळलं की पोर्टलमध्ये पुसायची सोय नाही. नोंद बंद करायला कारण निवडावं लागतं, आणि कारणं तीनच : मृत, स्थलांतरित, दुबार. दुबारला मूळ नोंद दाखवावी लागते. असं मूल कधी नव्हतंच, हे कारण यादीत नव्हतं.

"मृत टाकू नका," कृष्णमूर्ती घाईनं म्हणाले. "एका ब्लॉकमध्ये चाळीस बालमृत्यू? उद्या राज्याची टीम येईल."

राहिलं स्थलांतरित. त्याला कुठे गेले ते लिहावं लागतं. शिवलीलानं आनेकल लिहिलं आणि पुढे खाणीमागची वस्ती. पहिला डोस झाला होता तिथे न झाल्याची दुरुस्ती केली. एकामागून एक.

"एकदम एवढी मुलं तिकडे?" कृष्णमूर्ती म्हणाले. "तिथले विचारतील, ही आली कुठून."

"विचारू देत. बघायला तरी जातील."

ते हसले नाहीत, पण त्यांनी तिला थांबवलंही नाही. शेवटी रत्नाकर राहिला. स्थलांतरितांच्या आयांना संदेश जात राहतात, तिसऱ्या डोसाचे, मग नवव्या महिन्याचे, मग दीड वर्षाचे. ते बंद करणारं कारण एकच होतं. शिवलीलानं कृष्णमूर्तींकडे पाहिलं. "एक चालेल," ते हळूच म्हणाले. तिनं रत्नाकरपुढे मृत निवडलं.

मार्चमध्ये तिचा करार नवा झाला नाही. आता ती इंदिरानगरमधल्या एका खासगी बालरुग्णालयात आहे. तिथे मुलं भेटीची वेळ ठरवून येतात आणि आया डोसांच्या तारखा तिच्याआधी सांगतात. जायला-यायला तीन तास जातात. पगार जरा जास्त आहे, सुट्टी कमी. खाणीमागे आनेकलचं पथक खरंच गेलं. कागदावरची चाळीस मुलं शोधायला गेलेल्यांना तिथे सत्तरच्या वर सापडली, त्यांतल्या एकाचंही नाव यादीशी जुळलं नाही. शेजारणीच्या बाळाला त्याचा राहिलेला डोस मिळाला. तिथे आता दर महिन्याला टेबल लागतं. कस्तुराबाई तिला कधीतरी फोन करते. कृष्णाबाई करत नाही.

ब्लॉक सतरा आहे तिथेच आहे. एप्रिलमध्ये नवा अंदाज लागू झाला आणि तिथली लोकसंख्या नेहमीसारखी थोडी वाढली. बेरजेत एक बालमृत्यू आला. बालमृत्यूची चौकशी घरी जाऊन करायची असते. ते काम शिवलीलाच्या जागी आलेल्या कावेरी नावाच्या सेविकेकडे आलं. कावेरी चोवीस-पंचवीस वर्षांची, निपाणीची, या भागात नवी. एका सकाळी ती पत्ता विचारत मैदानात पोचली, दिव्यांखाली उभी राहिली आणि दोन्ही इमारतींकडे बघत राहिली.

दामोदर खुर्ची घेऊन आला.

"अण्णा, रत्नाकर म्हणून बाळ वारलंय ना इथं? कृष्णाबाईचं. शेजारपाजारचं कुणी भेटेल काय बोलायला?"

"भेटतील की. कामावर गेल्यात सगळे." त्यानं खुर्ची पुसून तिच्यापुढे ठेवली. "तुमच्या आधीची ती अक्का हाक मारायची. तुम्ही पण मारा. स्वल्प जोरात. येतात."